मदत हवी आहे : सर्वधर्मीय हवामान निवेदनातील मागण्या कोणाकडे कराव्यात?

उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीतील भंतेजी, इमामसाहेब, मंदिराचे पुजारी, फादर आणि गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी हवामानबदलावर एकत्रित निवेदन देण्यास तयार झाले आहेत. मसुदा मात्र मी लिहीत असून दोन बैठकांनंतरही तो अडलेला आहे.

नमुना म्हणून ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॅटिकनमध्ये सुमारे ४० धर्मनेत्यांनी स्वाक्षऱ्या करून ग्लासगो येथील संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेचे नियोजित अध्यक्ष आलोक शर्मा यांच्याकडे सोपवलेले आवाहन घेतले. त्यात तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याची आणि श्रीमंत देशांनी पुढाकार घेण्याची मागणी आहे, परंतु ती सरकारांना उद्देशून असल्याने आमच्या कागदावर पोकळ वाटते. इमामसाहेबांनी पेन्सिलीने तेवढ्याच ओळीखाली रेघ ओढून समासात लिहिले, “हे आपण कोणाला सांगतो आहोत?” प्रश्न रास्तच होता. धर्मवचने घालून पाहिली, तर कोणाचे वचन आधी यावे यावरच तासभर गेला, म्हणून ती सर्वानुमते काढली.

आता दोनच मागण्या उरल्या आहेत : मे महिन्यात दुपारी प्रार्थनास्थळांच्या आवारात सर्वांसाठी सावली आणि पिण्याचे पाणी, तसेच कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे व धुराचे कठोर नियंत्रण. मजकूर एका पानात मावायला हवा, कोणत्याही पक्षाचे नाव नको आणि तो पाचही ठिकाणी जसाच्या तसा वाचला जाणार आहे.

पहिली मागणी महानगरपालिकेच्या उष्माघात प्रतिबंधक आराखड्याशी जोडून आयुक्तांना आणि दुसरी राज्य शासनाला अशी दोन पत्रे द्यावीत, की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत एकच निवेदन पाठवणे अधिक परिणामकारक ठरेल?