मदत हवी आहे: सीपीयू थंडगार, तरी सर्व्हरचे पंखे बोंबलतायत

नमस्कार मंडळी,

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काल लिफ्टमध्ये विचारलं, "तुमचं वॉशिंग मशीन रात्रभर चालू असतं का हो?" मी आपला हसून वेळ मारून नेली. वॉशिंग मशीन नाही, त्याच्या शेजारी ठेवलेला सर्व्हर.

डेलचा पॉवरएज आर७३०, टू-यू (रॅकमधल्या दोन खणांच्या उंचीचा). दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला. धायरीच्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीत छोट्या रॅकवर असतो. प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली), घरचे फोटो, बायकोच्या क्लासचे व्हिडिओ, एवढाच संसार. आवाज आधीही होता, पण दार लावलं की झोप लागायची. गेल्या रविवारपासून मात्र विमान धावपट्टीवर उभं राहून उडायचंच विसरल्यासारखं चाललंय.

आयडीरॅकमधले (डेल सर्व्हरवर लांबून नजर ठेवणाऱ्या अंगच्या चिपमधले) आकडे: सीपीयू ३८ आणि ४१ अंश, आत येणारी हवा २९, बाहेर पडणारी ३३. लोड जवळपास शून्य. तरी सहाही पंखे ९,८४० आरपीएमवर. एक मीटरवरून मोबाइलच्या अ‍ॅपने ६७ डेसिबल दाखवले. (अ‍ॅपवर माझाही फार विश्वास नाही.)

ब्लोअरने धूळ काढली. दोन्ही सीपीयूंची थर्मल पेस्ट बदलली. थर्मल प्रोफाइल कमीत कमी पॉवरवर ठेवून पाहिलं, ढिम्म फरक नाही. वैतागून एक पंखा उपसला, तर उरलेले पाच आणखी चवताळले. आता डोक्यात दोनच गोष्टी आहेत: नॉक्टुआ कंपनीचे शांत पंखे बसवायचे, नाहीतर वायरीत रेझिस्टर टाकून वेग पाडायचा. कुणी केलंय का हे?

प्रतिसाद

रेझिस्टर विसरा. बोर्ड प्रत्येक पंख्याचे फेरे मोजत असतं. ते ठरल्यापेक्षा कमी भरले की पंखा गेला असं समजून बाकीच्यांना पळवतं. तुम्ही एक उपसलात तेव्हा तेच झालं.

शांत पंख्यांचंही तसंच. मोकळ्यावर ते छान वारा देतात, पण इथे डिस्कच्या फटी, रॅमच्या रांगा आणि हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांमधून हवा रेटावी लागते. दाब लागतो, आणि तो या ६० मिमीच्या किंचाळणाऱ्या पंख्यांनाच जमतो.

पेस्ट लावल्यावर सीपीयूवरचं काळं प्लास्टिकचं एअर श्राउड (हवेला वाट दाखवणारं झाकण) परत बसवलंत ना? आणि मुख्य म्हणजे "रविवारपासून" लिहिलंत, पण रविवारी काय केलंत ते लिहिलंच नाहीत.

धागाकर्ता

श्राउड जागेवर आहे. रविवारी... हं. १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड टाकलं होतं. मेलानॉक्स कनेक्टएक्स-३, जुनं. कार्ड झकास चालतंय, म्हणून पंख्यांशी त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

प्रतिसाद

सापडला चोर! पण चोरी कार्डाची नाही, सर्व्हरच्या भित्रेपणाची आहे.

आयडीरॅकला ओळखीच्या कार्डांना किती वारा लागतो ते माहीत असतं. अनोळखी कार्ड दिसलं की त्याची गरज कळायला मार्ग नसतो, मग तो सगळ्यात वाईट शक्यता धरून पंखे सोडतो. याला थर्ड पार्टी कार्डचा डिफॉल्ट कूलिंग रिस्पॉन्स म्हणतात. सीपीयू बर्फासारखा थंड असला तरी फरक पडत नाही, कारण भीती सीपीयूची नाहीच.

आधी कार्ड काढून सुरू करा. पंखे उतरले तर खात्री झाली. मग कार्ड परत लावा, आयडीरॅकच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीएमआय ओव्हर लॅन (नेटवर्कवरून सर्व्हरच्या हार्डवेअरला हुकूम देण्याची सोय) चालू करा आणि दुसऱ्या मशीनवरून आयपीएमआयटूलने ही रॉ कमांड द्या:

३० सीई ०० १६ ०५ ०० ०० ०० ०५ ०० ०१ ०० ००

हे सगळं हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक जोडीआधी शून्य आणि एक्स. मागे फिरायचं असेल तर शेवटच्या पाच जोड्यांतला फक्त ०१ शून्य करायचा, ०५ तसाच ठेवायचा.

प्रतिसाद

वरचं बरोबर आहे, पण एक सांगतो. त्या कार्डावर नुसता हीटसिंक आहे, पंखा नाही. ते सर्व्हरच्या वाऱ्याच्या भरवशावरच बनवलेलं असतं, त्यामुळे आयडीरॅक अगदीच वेडा नाही. कमांड दिल्यावर तासभर मोठी फाइल कॉपी करा आणि कार्डाचं तापमान बघा.

इंटरनेटवर तुम्हाला दुसरी कमांडही सापडेल: ३० ३० ०१ ०० ने ऑटो बंद आणि ३० ३० ०२ एफएफ १४ ने सगळे पंखे २० टक्क्यांवर (हेक्समधला १४ म्हणजे आपला २०). ती मोहात पाडते. पण मग वेगाची जबाबदारी तुमची. मे महिन्यातल्या दुपारी ड्राय बाल्कनीत ऊन आलं तरी पंखे आपणहून चढणार नाहीत. तापमान बघून वेग बदलणारी स्क्रिप्ट लिहिणार असाल तरच हात लावा. आणि ती स्क्रिप्ट स्वतःच बंद पडली तर काय, हेही आधीच ठरवा. ऑटोवर परत यायला ३० ३० ०१ ०१.

हे दोन्ही आर७३० वर चालतं. नवीन पिढीच्या आयडीरॅक ९ वर ३.३४ फर्मवेअरपासून हाताने वेग ठरवायची सोय बंद आहे, तेव्हा हा धागा वाचून कुणी डोळे झाकून नवीन मशीन घेऊ नका.

धागाकर्ता

झालं! कार्ड काढलं, दोन-तीन मिनिटांत पंखे ३,९६० वर. कार्ड परत लावलं, पुन्हा ९,८४०. कमांड दिली, ती काही न बोलता परत आली. मला वाटलं चुकली. तेवढ्यात आवाज एक-एक पायरी उतरत गेला आणि स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "लाइट गेली का?"

आता ३,९६०. अ‍ॅप म्हणतंय ४६ डेसिबल. आयडीरॅकमधली वीज १९६ वॅटवरून १४४ वर आली, हे मला अनपेक्षित होतं. नंतर वाचलं की पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आठवडाभर पन्नासेक वॅट नुसते बोंबलण्यात गेले.

रात्रभर फाइलींचं सिंक चालवून कार्डावर तापमापी चिकटवला: ५८ अंश. चालेल ना एवढं? हाताने वेग ठरवायच्या भानगडीत पडलो नाही.

आता सगळं शांत झाल्यावर एक नवीनच आवाज ऐकू येतोय, तीन नंबरच्या पंख्यातून बारीक घरघर. वेग बाकीच्यांइतकाच दाखवतोय. बेअरिंग असेल तर सुटा पंखा पुण्यात कुठे मिळतो, की ऑनलाइनच मागवावा?