बीगल घरात पाळणं हा त्याच्यावर अन्याय नाही का?

कोरांटी:
आमच्याकडे चौदा महिन्यांचा बीगल जातीचा कुत्रा आहे. मुलांनी हट्ट केला, त्या लांब कानांना आम्हीही भुललो. आतापर्यंत सोफ्याचा एक कोपरा, तीन चपला आणि टीव्हीचा रिमोट गेलाय. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवते, तरी आम्ही बाहेर पडलो की हा खिडकीत बसून तोंड वर करून आऊऽऽऽ. शेजारी आधी हसायचे, आता दार वाजवतात. शिकारी जात चार भिंतींत कोंडणं चूकच, असं माझं ठाम मत झालंय.

जुनाट:
सशाच्या मागावर बीगलांचा कळप सोडायचे आणि माणसं पायी मागून जायची. माग लागला की मागच्यांना कळावं म्हणून ते ओरडायचे. म्हणजे ज्याची तक्रार करताय, तीच त्याची नोकरी होती. पण मुळात कळपातला प्राणी आहे हा. तुमचा घर डोक्यावर घेतो ते एकटा पडतो म्हणून. चार भिंतींचा काय दोष?

वादळवारा:
सोपं आहे. रोज पाच किलोमीटर पळवा, घरी येऊन गुमान झोपेल.

भटकभवानी:
@वादळवारा, हा सल्ला ऐकून मी फसलेय. माझी कुत्री विज्ला जातीची आहे, तीही शिकारीच. रोज पळवलं, तर तिचा दम इतका वाढला की मी धापा टाकतेय आणि ही शेपूट हलवत 'अजून?' म्हणून उभी. शिवाय वाढीच्या वयात डांबरी रस्त्यावर रोज लांब पळवणं सांध्यांना बरं नाही.
कोरांटी, पायांपेक्षा नाक दमवा. फिरताना प्रत्येक खांबापाशी ओढू नका, हुंगू द्या मनसोक्त. जेवण भांड्यात देण्याऐवजी गवतात पसरा, नाहीतर जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवा. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळं-मांस हुंगायला बीगलच ठेवतात. हे नाक घरी बेकार बसवलं तर ते रिमोटच शोधणार!

कोरांटी:
सगळं मान्य, पण नऊ तास ऑफिस करून हे करायचं कोणी? हट्ट करणारे दोघे तर मोबाईलमधून मान वर काढत नाहीत.

वादळवारा:
मग वेळ असलेल्या घरी देऊन टाका.

जुनाट:
देऊन टाका काय, जुनी सायकल आहे का ती? नऊ तास एकटं ठेवलं तर कुठलाही कुत्रा बिघडेल, शिकारी असो की नसो. दुपारी कोणीतरी तास-दीड तास येऊन बसेल अशी सोय बघा आधी.

पायवाट:
आणि उघड्यावर पट्टा सोडू नका, ही कळकळीची विनंती. आमचा एरवी हाकेला धावत येणारा. एकदा वास लागला, मान खाली गेली आणि मी जणू अस्तित्वातच नाही! दोन तासांनी सापडला. आता दहा मीटरचा लांब पट्टा असतो, तेवढी मोकळीक पुरते त्याला. मी मात्र कोरांटींच्या बाजूने. ही जात कशी आहे हे पिल्लू आणण्याआधी कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

कोरांटी:
काल टॉवेल करून पाहिला. वीस मिनिटं घरात चिडीचूप! मग आत जाऊन बघते तर दाणे संपवून टॉवेलची किनार खात बसलेला. मत बदललेलं नाही. दुपारसाठी मात्र माणूस शोधतेय.