मदत हवी आहे: ३ फुटी टँक, बोअरचं पाणी आणि सोलापूरचा उन्हाळा. कोणते मासे एकत्र नांदतील?

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात राहतो. हॉलमध्ये ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच टँक बसवलाय. काठोकाठ भरला तर १२७ लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ११० धरा. स्पंज फिल्टर आणि टॉप फिल्टर दोन्ही चालू आहेत. मासा अजून एकही नाही. चिमूट चिमूट खाद्य टाकून सायकलिंग (माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू टँकमध्ये वाढवणं) सुरू आहे, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय काही आणणार नाही. त्यामुळे तो सल्ला कृपया नको. अडलंय ते पुढे.

घरात यादी तयार आहे. सौ.ला नियॉन टेट्रा हवेत, ती निळी-लाल रेघ तिला फार आवडते. पुतण्याला टायगर बार्ब. आईला 'ते त्रिकोणी, सावकाश फिरणारे', म्हणजे एंजल. मी गप्पी सुचवले तर आई म्हणते, आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खायला फुकट हौदात सोडतात, त्याला पैसे कशाला मोजायचे! दुकानदाराला यादी दाखवली. त्याने वाचली की नाही देव जाणे, "सगळे एकत्र राहतात, न्या बिनधास्त" म्हणाला, वर काच साफ ठेवायला एक सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) घ्या म्हणून सांगितलं.

आता पाण्याचं. नळाला रोज पाणी येत नाही, येतं ते पिण्या-स्वयंपाकाला भरून ठेवतो. टँकला बोअरच परवडतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर ९८० च्या आसपास दाखवतो, पीएच ८ च्या थोडा वर. काचेवर उडालेला थेंब पुसायचा राहिला तर सकाळी तिथे पांढरा ठिपका बसलेला असतो, नखाने खरवडल्याशिवाय निघत नाही. आणि ऊन: बाहेर ४२-४३, टँकमधला थर्मामीटर दुपारी ३२. हॉलमध्ये कूलर आहे, माशांसाठी एसी काही घेणार नाही.

एंजल मोठा झाला की नियॉन गिळतो, हे वाचलंय. पण एंजल लहान असतानाच दोघांना एकत्र सोडलं तर सवय होते म्हणतात, ते खरं का? टायगर बार्ब कशाबरोबर तरी जमतात का? आणि मुळात या पाण्यात यातलं काय टिकेल?

---

प्रतिसाद:

तुम्ही शेवटी विचारलंय तेच आधी बघायला हवं. कोण कोणाला खातं हा पुढचा भाग, आधी पाणी कोणाला मानवतं ते बघा.

नियॉन मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथलं पाणी मऊ, आम्लाकडे झुकणारं. बाजारातले बहुतेक नियॉन आता फार्मवर वाढलेले असतात, त्यामुळे थोडंफार जड (क्षारांचं) पाणी सोसतात. पण त्याला २१ ते २६ अंश बरं वाटतं. ३२ अंश आणि बोअरचं पाणी म्हणजे दोन्हीकडून मार. आणले तर मरतील असं नाही, पण कुढत जगतील. मी आणणार नाही.

एंजल आणि नियॉनची सवय वगैरे काही होत नाही. एंजलचं तोंड नियॉनएवढं झालं की एके रात्री शिरगणती कमी भरते. टायगर बार्ब ८-१० च्या घोळक्यात ठेवले तर बरेचसे आपसातच भांडतात, तरी एंजलचे लांब लोंबणारे पर आणि गप्पीच्या शेपट्या त्यांना कुरतडायला हव्याच असतात. पुतण्याला बार्बच हवे असतील तर तो टँक बार्बचाच, बाकी यादी विसरा.

सकर तर अजिबात नको. दुकानात बोटाएवढा असतो, वाढला की फूट-दीड फूट होतो आणि काच साफ करायची सोडून घाण करत बसतो. मग लोक गुपचूप तलावात सोडून येतात. भारतातल्या बऱ्याच जलाशयांत त्याने असंच बस्तान मांडलंय, कोळ्यांच्या जाळ्या फाडतो. आपल्या सोलापूरच्या कंबर तलावाची तेवढी तरी दया करा.

---

प्रतिसाद:

आमच्याकडं बी बोअरच हाय ओ. मोली ठेवा, डोळे झाकून. जड पाण्यात मोलीसारखा मासा नाही. फक्त ती फुगीर बलून मोली घेऊ नका, पाठीचा कणा वाकवून केलेली जात हाय ती, बघवत नाही. आणि मादी दुकानातूनच गाभण येते, नर नसला तरी महिनोन्महिने पिल्लं देत राहते. पिल्लं नको असतील तर नुसते नर आणा.

---

धागाकर्ता:

धन्यवाद दोघांनाही. मोली पक्की. पण सौ.च्या निळ्या-लालचं काय? आणि आईला सांगायला एक तरी 'मोठा, शांत' मासा हवा. गोल्डफिश म्हणू का?

---

प्रतिसाद:

गोल्डफिश थंड पाण्याचा, शिवाय घाण भरपूर करतो. सोलापुरात नको.

निळ्या-लालसाठी नियॉन रेनबो बघा, काही ठिकाणी ड्वार्फ रेनबो म्हणून मिळतो. न्यू गिनीतल्या मांबेरामो नदीकडचा. अंग निळं चमकणारं, पर लालसर, वाढून ६ ते ८ सेंटिमीटर. नियॉन टेट्रापेक्षा उबेला आणि जड पाण्याला कितीतरी सरस. सहा तरी घ्या, दोघे-तिघे असले तर कोपऱ्यात लपून बसतात आणि रंगही धरत नाहीत. आईंसाठी पर्ल गोरामी: एक नर, दोन माद्या. १०-१२ सेंटिमीटरचा, अंगावर मोत्यांसारखे ठिपके, स्वभावाने गरीब. गोरामीला लॅबिरिंथ नावाचं जादा श्वसनेंद्रिय असतं, वर येऊन हवेतला श्वास घेतो. तुमच्याकडे त्याचा उपयोग आहे, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो: २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसात. त्यावर चार मोली नर. एवढ्यात टँक भरला समजा.

उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा लागेल असा छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. आपल्याकडची हवा कोरडी म्हणून हे मुंबईपेक्षा इथे जास्त चालतं. पण पाणी भराभर उडतं, आणि उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे टँकमध्येच राहतात. ती तूट बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर पावसाळ्यापर्यंत टीडीएस कुठल्या कुठे गेलेला असेल. म्हणून उडालेलं पाणी आरओचं भरायचं आणि दर आठवड्याला २५ लिटर बदलायचं ते निम्मं बोअर, निम्मं आरओ.

पीएच उतरवणारी औषधं घालू नका. जड पाण्यातले कार्बोनेट तो पुन्हा वर आणतात आणि मासे त्या हेलकाव्याने जातात. मात्र पीएच ८ ला अमोनिया ७ च्या जवळजवळ दहापट घातक असतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त, हे लक्षात ठेवून खाद्य हात आखडून घाला.

---

धागाकर्ता:

घरचा आरओ प्यायलाच जेमतेम पुरतो. २० लिटरच्या जारचं पाणी चालेल का? आणि आधी कोणते सोडू?

---

प्रतिसाद:

जार चालेल, फक्त प्रत्येक जारला मीटर लावून बघा, सगळे सारखे नसतात. आधी मोली. दोन-तीन आठवडे टेस्ट किटवर अमोनिया शून्य राहिला की रेनबो, गोरामी शेवटी. आणि रेनबो आणायच्या आधी झाकण करून घ्या, ते उड्या मारतात. पंख्याच्या वाऱ्यासाठी झाकणाला बारीक जाळी लावा, सगळी काच नको. टॉप फिल्टरचा पाइप जिथून आत येतो ती खाच मोजून काचवाल्याला द्या, बोटभर फट राहिली तरी तेवढ्यातून बाहेर पडतात.