‘टेबल करणे’ म्हणजे मांडणे की बाजूला ठेवणे?

प्रश्न: अमेरिकेतील कार्यालयाकडून आलेल्या इतिवृत्तात आमचा प्रस्ताव ‘टेबल’ केल्याचे लिहिले होते. तो चर्चेला घेतला असे समजून आम्ही महिनाभर निर्णयाची वाट पाहिली. प्रत्यक्षात तो बाजूला ठेवला गेला होता. या क्रियापदाचा नेमका अर्थ कोणता धरावा?

प्रतिसाद १: दोन्ही अर्थ बरोबर आहेत, आणि अडचण तीच आहे. ब्रिटिश वापरात प्रस्ताव टेबल करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे, तर अमेरिकी वापरात त्यावरील चर्चा लांबणीवर टाकणे, आणि तेही बहुधा बेमुदत. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांमध्ये बराच वेळ वाद चालला आणि मुळात दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी आहे हे नंतर उमगले, अशी नोंद चर्चिल यांनी युद्धाच्या इतिहासात केली आहे.

प्रतिसाद २: आपल्या विधिमंडळात कागदपत्रे ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवली जातात, ती ब्रिटिश वळणाने, त्यामुळे आपली गल्लत होणे स्वाभाविक आहे. शब्दाचे मूळ लॅटिन ‘ताबुला’, म्हणजे फळी. फळीवर लिहीत असत, म्हणून कोष्टक आणि पाढे हेही अर्थ त्याला चिकटले. टेबलाखालच्या व्यवहाराबाबत मात्र दोन्ही देशांत फारसा मतभेद दिसत नाही!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. हा शब्द टाळून ‘चर्चेला घेतला’ किंवा ‘पुढे ढकलला’ या अर्थाचे स्पष्ट शब्द वापरावेत, असे त्यांना आजच कळवतो.