क्लॅडिंग बदलायला गाडी गॅरेजात कशाला न्यायची?

वाटसरू

मागच्या महिन्यात आंबा घाट उतरताना समोरून ट्रक आला. त्याला जागा द्यायला गाडी कडेला दाबली आणि पुढचा डावा कोपरा कठड्याला घासला. पत्रा वाचला, पण चाकावरच्या कमानीची काळी प्लॅस्टिकची पट्टी (क्लॅडिंग) मधोमध फाटली आणि तिचं बंपरकडचं टोक लोंबायला लागलं. गाडी 2018 ची ब्रेझा.

वर्कशॉपमध्ये दाखवली. पार्टचे पैसे, लेबर, वर जीएसटी आणि "गाडी दोन दिवस ठेवून जा". मी काउंटरवरून नुसती पट्टी आणि पंधरा क्लिपा घेतल्या आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवली. माझं मत आता पक्कं झालंय: ज्याला पाना धरता येतो त्यानं हे काम घरीच करावं.

जॅक लागला नाही. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं की डाव्या चाकाचा पुढचा कोपरा मोकळा होतो, डावीकडे वळवलं की मागचा. लायनरचे (कमानीच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर) स्क्रू तेवढ्या जागेतून निघतात. फेंडरच्या (चाकावरचा पत्रा) कडेला आधी मास्किंग टेप लावली, मग प्लॅस्टिकच्या पात्यानं एका टोकापासून एकेक क्लिप सोडवत गेलो. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर तिथे चुकूनही घालू नका, रंगावर ओरखडा हमखास.

एक क्लिप मात्र मान तुटून भोकातच अडकली. आत ढकलली असती तर फेंडरमध्ये पडून आयुष्यभर खडखडली असती. लांब नाकाच्या पकडीनं तिचे दोन्ही पाय एकत्र दाबून बाहेर ओढण्यात पाऊण तास गेला. नवीन पट्टी तोवर उन्हात ठेवली होती. कोमट झालेलं प्लॅस्टिक वाकतं, गार असताना तडकतं. बसवताना सगळ्या क्लिपा आधी आपापल्या भोकावर आणल्या आणि मग तळहातानं दाबल्या. हातोडी नाही.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. जुनी पट्टी निघाली तेव्हा मागे दोन ओंजळी चिखल निघाला, वाळून दगड झालेला. एका भोकाभोवती चार आण्याच्या नाण्याएवढा गंज. तो घासला, प्राइमर लावला, टच-अपचा रंग दिला, सुकू दिलं आणि मगच पट्टी चढवली. तासावर पैसे घेणारं कोण तुमच्यासाठी एवढं थांबणार आहे?

एकच खुपतंय. पट्टी बंपरला जिथे मिळते तिथे एटीएम कार्ड आत सरकेल एवढी फट राहिली आहे. पट्टी हलत नाही, त्यामुळे चालून जाईल असं वाटतं.

रंगारी_कराड

दादा, सतरा वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. मास्किंग टेप लावून काम करणारा माणूस काळजीचा असतो, ते वाचूनच कळलं. तरी मी विरोधात बोलणार.

ती फट चालून जाणार नाही. पट्टी कारखान्यातून आली तशी सरळ आहे ना? मग फट कुठून आली? बंपरचं टोक फेंडरला ज्या प्लॅस्टिकच्या ब्रॅकेटवर बसतं, त्याचा कान तुटला असणार. कठड्याचा धक्का नुसती पट्टी खात नाही. तो आधी बंपरच्या कोपऱ्यात जातो, तिथून ब्रॅकेटमध्ये, मग लायनरमध्ये. चाकाच्या रिमला लागलं असेल तर अलाइनमेंटही (चाकं सरळ रेषेत असणं) जातं. तुम्ही फुटलेली वस्तू बदललीत, धक्का कुठवर गेला ते बघितलं नाहीत. आमच्याकडे गाडी आली की आम्ही आधी बंपरच्या फटी दोन्ही बाजूंनी बोटानं मोजतो. उजवी-डावी सारखी नसेल तर पट्टीला हातच लावत नाही.

दुसरं. माझ्या एका गिऱ्हाईकानं पट्टी घरी लावली, तीही क्लिपा संपल्या म्हणून खालच्या टोकाला डबल टेपवर. खंबाटकीच्या उतारावर ती उडाली. मागे दुचाकीवर नवरा-बायको होते. पट्टी त्यांच्या शेजारून गेली. तो माणूस माझ्या दुकानात येऊन अर्धा तास नुसता बसून होता. सुटलेली क्लॅडिंग ही दिसण्यापुरती गोष्ट नाही, रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाची गोष्ट आहे.

चिखलाचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. सगळीकडे तो काढत नाहीत. पण त्यावर उपाय म्हणजे कारागिराला समोर उभं राहून सांगणं, "मागचं धुऊन घे, मग बसव". कोणी नाही म्हणत नाही.

हिशेबनीस

क्लेमचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. अशा फुटीसाठी विमा वापरू नका. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर सरळ 50 टक्के घसारा (वस्तू जुनी झाल्याची वजावट) कापतात. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1,000 रुपये आपल्याच खिशातून. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असेल तर तो वाचतो, पण क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर येतो. पाच वर्षं सांभाळून 50 टक्क्यांवर नेलेला बोनस एका काळ्या पट्टीपायी घालवलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

म्हणून वाटसरू यांच्या बाजूनं. पण रंगारीदादांचा ब्रॅकेटचा मुद्दा खरा निघाला, बंपर आणि लायनरही गेलेले निघाले, तर गणित बदलतं. तेव्हा आधी पूर्ण तपासणी, मग क्लेम करायचा की नाही ते ठरवा. तपासायच्या आधी पार्ट विकत घेतलात, तिथे तुमचं चुकलं.

समुद्रकाठ

मी रत्नागिरीला असते. इथे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे क्लॅडिंगच्या मागचा गंज हा आमच्याकडे रोजचा विषय. वाटसरू, तुम्ही प्राइमर लावून थांबलात हे वाचून बरं वाटलं. माझं दुःख उलट बाजूचं आहे.

तीन वर्षांपूर्वी ॲक्सेसरीच्या एका दुकानात मी रुंद फ्लेअर (चाकावरच्या बाहेर आलेल्या पट्ट्या) बसवून घेतले. पोरानं ड्रिल घेतलं आणि फेंडरच्या कडेत सरळ स्क्रू मारले, एका बाजूला सहा. उघड्या पत्र्याला रंगाचा ठिपकासुद्धा लावला नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्रत्येक स्क्रूखालून लाल ओघळ यायला लागले. शेवटी ती कड कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागला. म्हणजे "कारागिराकडे द्या" हे आपोआप बरोबर ठरत नाही, रंगारीदादा. कारागीर तुमच्यासारखा असेल तर द्यावं.

आणि टेपचं म्हणाल तर पट्टीच्या मागे कोरलेलं वाचा. बहुतेक वेळा पीपी असं असतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याला साधी डबल टेप धरतच नाही. टेप लावायचीच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, चिकटपणा वाढवणारा प्राइमर लावून, चांगली ॲक्रिलिक फोम टेप दाबून बसवायची. ती पूर्ण पकड घ्यायला 72 तास लागतात आणि तोवर गाडी धुवायची नाही. तीही क्लिपेच्या जोडीला, क्लिपेऐवजी नव्हे.

नाशिककर

पुढच्या चाकाचं वाचून कोणी उत्साहानं मागच्या चाकाला हात घालू नका. कितीतरी गाड्यांत मागच्या कमानीची पट्टी दोन तुकड्यांत असते, एक दारावर, एक मागच्या पत्र्यावर. दाराच्या तुकड्याचा स्क्रू दार उघडल्याशिवाय दिसत नाही. मी तो न बघता पट्टी ओढली आणि दाराची कड वाकवली. दोनशेचं काम पाच हजारांवर गेलं. तेव्हापासून माझं मत रंगारींच्या बाजूला.

वाटसरू

रंगारीदादा, तुमचं वाचून टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेलो. लायनरचे तीन स्क्रू काढून आत बघितलं. ब्रॅकेटचा वरचा कान तुटून लायनरच्या घडीत पडला होता. उजवीकडची फट बोटानं मोजली, तिथे कार्ड जात नाही. म्हणजे तुम्ही इथे एक अक्षर वाचून जे ओळखलंत ते मी अडीच तास गाडीखाली वाकून ओळखलं नाही. खंबाटकीचं वाचून छातीत धस्स झालं. ब्रॅकेट बसेपर्यंत गाडी हायवेला नेत नाही. अलाइनमेंट उद्याच करून घेतो.

मत मात्र पूर्ण बदललेलं नाही. गाडी सोडून आलो असतो तर तो गंज मला दिसला नसता, आणि समुद्रकाठ यांचा अनुभव बघता तिथे कोणी रंग लावलाच असता असं नाही. हिशेबनीस म्हणतात ते बरोबर, तपासणी आधी व्हायला हवी होती.

ब्रॅकेट मागवला आहे. येत्या रविवारी बंपरची डावी बाजू सैल करून तोही मीच बसवणार आहे.

रंगारी_कराड

माझं ऐकाल तर बंपरसाठी या, समोर बसा, तुमच्या डोळ्यांदेखत करून देतो. चहा माझ्याकडून.

नाहीच आलात तर एवढं करा. बंपर एकट्यानं ओढू नका, दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं. फॉग लॅम्प असेल तर त्याचा कनेक्टर आधी सोडवा, नाहीतर वायर ओढली जाऊन तुटेल. नवीन ब्रॅकेट बसल्यावर बंपर आधी लॉक करायचा आणि चाकावरची पट्टी त्याच्यानंतर. म्हणजे तुम्ही बसवलेली पट्टी परत काढावी लागणार. क्लिपा पंधरा घेतल्या होत्या म्हणालात, त्यातल्या किती उरल्यात ते आत्ताच मोजा.

वाटसरू

चार. उद्या अजून दहा आणतो.