परदेशी यजमानांनी दिलेली भेटवस्तू स्वतःकडे ठेवता येते का?

प्रश्न: माझे मेहुणे केंद्र सरकारचे अधिकारी असून शिष्टमंडळाबरोबर जपानला जाऊन आले. यजमानांनी दिलेली लाखकामाची पेटी सध्या आमच्या कोथरूडच्या घरी कपाटात आहे. हे नियमाला धरून आहे का?

उत्तर १: नाही. परतल्यापासून ३० दिवसांत ती परराष्ट्र मंत्रालयाच्या तोषाखान्यात (अशा भेटवस्तूंच्या सरकारी भांडारात) जमा करावी लागते. तेथे मूल्य ठरते. ते ५,००० रुपयांपर्यंत असल्यास वस्तू परत मिळते, अन्यथा वरची रक्कम भरून ती घेता येते.

उत्तर २: किंमत मात्र स्वतः ठरवू नये. जमा वस्तूंची यादी मंत्रालय प्रसिद्ध करते, आणि माझ्या मते या नियमाची खरी ताकद त्या उघड नोंदीतच आहे.

प्रश्नकर्ता: झाकणाला यजमानांची चिठ्ठी अजून तशीच आहे, तिच्यासह पेटी याच आठवड्यात जमा करण्यास त्यांना सांगतो.