इम्युलेटरने बायोसची फाइल मागावी का?

कार्ट्रिजवाला
प्लेस्टेशनचा इम्युलेटर, म्हणजे त्या कन्सोलचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम, उतरवून घेतला की नवख्याला पहिल्यांदा काय दिसतं? 'बायोस सापडला नाही', म्हणजे कन्सोलमध्ये कंपनीने भरून दिलेला मूळ प्रोग्राम सापडला नाही. मग तो बिचारा ती फाइल शोधत कुठल्यातरी भलत्याच साइटवर जाऊन पोचतो. माझं ठाम मत आहे: जिथे मुक्त पर्यायी बायोस सोबत देता येतो, तिथे तो द्यावा आणि कंपनीची मूळ फाइल मागणं थांबवावं. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा इम्युलेटर एमजीबीए हेच करतो. त्या कन्सोलचा बायोस १६ केबीचा. भागाकार, वर्गमूळ, दाबून ठेवलेला डेटा उलगडणं ही कामं गेम त्याच्याकडून करून घेतात, आणि एमजीबीएने ती नव्याने लिहिली आहेत. पीएसपीचा इम्युलेटर पीपीएसएसपीपी तर बायोस मागतच नाही. पहिल्या प्लेस्टेशनसाठीही ओपनबायोस हा मुक्त बायोस आहे, मग बीटल आणि डकस्टेशन हे त्याचे इम्युलेटर मूळ फाइलीसाठी अडून का बसलेत?

घड्याळी_ठोका
पूर्ण असहमत. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणि प्लेस्टेशन एका मापाने मोजू नका. प्लेस्टेशनचा बायोस ५१२ केबीचा आहे आणि त्यात अख्खा कर्नल, म्हणजे यंत्राची मूळ कामं सांभाळणारा गाभा, बसलाय: मेमरी कार्ड, कंट्रोलर, सीडी वाचणं, सगळं. कन्सोलच्या २ एमबी रॅमपैकी सुरुवातीचे ६४ केबी त्या कर्नलसाठी राखीव. आता खरी मेख अशी की कित्येक गेम बायोसच्या फंक्शनला (तयार कामांना) नुसती हाक मारून थांबत नाहीत. ते रॅममधल्या कर्नलच्या कोडमध्ये थेट हात घालून तो बदलतात. म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्याच सूचना असाव्या लागतात. तुम्ही फंक्शनचं उत्तर बरोबर दिलंत, पण आतली मांडणी वेगळी ठेवलीत, तर गेम चुकीच्या जागी लिहितो. मग कुठे सेव्ह होत नाही, कुठे मध्येच गोठतो, आणि शिव्या इम्युलेटर लिहिणाऱ्यांना. पीसीएसएक्स रिआर्म्ड या प्लेस्टेशनच्याच दुसऱ्या इम्युलेटरमध्ये पर्यायी बायोस आहे हे खरं, पण खरा बायोस वापरा अशी शिफारस तिथेही केलेली आहेच.

कलम_कायदा
तांत्रिक अडचण मान्य. तरी कार्ट्रिजवाला यांची बाजू मला जास्त पटते, आणि तिला आधार आहे. कनेक्टिक्स कंपनीने १९९९ मध्ये मॅकसाठी व्हर्च्युअल गेम स्टेशन हा प्लेस्टेशनचा इम्युलेटर आणला, सोनीने दावा लावला. २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. अभ्यासासाठी बायोसच्या प्रती केल्या तरी विकलेल्या उत्पादनात सोनीचा कोड नव्हता, हा त्यातला कळीचा मुद्दा. स्वतः लिहिलेल्या बायोसची वाट तेव्हाच मोकळी झाली. मूळ फाइल वाटण्याची नाही.

सेगाप्रेमी
निम्मा गोंधळ बायोसचा नसून मांडणीचा आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. अनेक इम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्ये फाइल 'सिस्टम' फोल्डरमध्येच हवी. बीटलला जपानसाठी ५५००, अमेरिकेसाठी ५५०१, युरोपसाठी ५५०२ नावाची फाइल हवी, आकड्याच्या आधी एससीपीएच, तेही स्मॉल इंग्रजी अक्षरांत. लिनक्सवर एक कॅपिटल अक्षर राहिलं तरी फाइल असून नसल्यासारखी. सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलची फाइल सिस्टमच्या आत डीसी फोल्डरमध्ये जाते. प्लेस्टेशनच्या त्या फाइलचा आकार नेमका ५,२४,२८८ बाइट आहे का आणि एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) जुळतो का, एवढं पाहिलं तरी बरेचसे प्रश्न तिथेच सुटतात. नाव बदललेली भलतीच फाइल एमडी५ लगेच पकडतो. आणि मेगाड्राइव्ह किंवा सुपर निन्टेंडोसाठी बायोस शोधत फिरू नका, कार्ट्रिजच्या त्या गेमना तो लागत नाही. सेगा सीडीला मात्र लागतो.

कार्ट्रिजवाला
घड्याळी_ठोका, गेम कर्नल बदलतात हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना मूळ बायोसच लागतो ते गेम ओळखून तिथेच इशारा द्यावा. सगळ्यांनाच दारात का अडवायचं? आणि 'बायोस स्वतःच्या कन्सोलमधून काढा' हा नेहमी मिळणारा सल्ला ज्याच्याकडे कन्सोल उरलेला नाही त्याच्या काय कामाचा?

डम्पकर
कन्सोल नसला तरी एक वाट आहे. प्लेस्टेशन ३ चं फर्मवेअर, म्हणजे त्या कन्सोलचं अंतर्गत सॉफ्टवेअर, सोनी स्वतःच्या साइटवर मोफत देते. प्लेस्टेशन ३ च्या आरपीसीएस३ इम्युलेटरमध्ये ते बसवलं की आतल्या पीएस१ईएमयू फोल्डरमध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा बायोस निघतो. डकस्टेशन तो स्वीकारतो, बीटलमध्येही त्याची सोय आहे. अनोळखी साइटवरच्या फाइलपेक्षा ही लाखपटीने बरी.

कलम_कायदा
मोफत उतरवता येतं म्हणजे हवं तसं वापरता येतं असं नाही. ते फर्मवेअर प्लेस्टेशन ३ साठी दिलेलं आहे.

घड्याळी_ठोका
तरी फाइल अस्सल असल्याची खात्री मिळते, आणि माझ्या दृष्टीने ते मोठं आहे. इशाऱ्याची कल्पना मात्र चांगली आहे, कार्ट्रिजवाला. फक्त ती यादी करायला प्रत्येक गेम शेवटपर्यंत खेळून पाहावा लागेल, कारण कर्नलची गडबड पुष्कळदा पहिल्या सेव्हपर्यंत दिसतच नाही. ओपनबायोसवर कुठला गेम कुठे अडला याच्या नोंदी तुम्ही सुरू करणार असाल, तर माझ्याकडच्या डिस्क मी तपासून देतो.